कॉलेज फुटबॉलची शेवटची दोन मिनिटं: घड्याळ कोण थांबवतं, कोण पळवतं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी साडेतीनला सुरू होणारा कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सामना आपल्याकडे रात्री एक-दोन वाजता सुरू होतो. मुलगी ओहायोत शिकते किंवा भाचा टेक्सासात आहे म्हणून जी घरं जागत बसतात, त्यांचा पहाटेचा वैताग ठरलेला: "मघापासून दोनच मिनिटं उरलीत, संपत का नाहीत?" पुढच्या शनिवारी नेमकं उलटं घडतं. सव्वा मिनिट शिल्लक असताना पुढे असलेल्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकतो, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांशी हात मिळवायला लागतात.

या दोन्ही प्रकारांमागे एकच हिशोब आहे. अटीतटीच्या सामन्यात शेवटी उरलेला वेळ मिनिटांत मोजून भागत नाही. घड्याळ थांबवायच्या किती संधी कोणाकडे शिल्लक आहेत ते मोजावं लागतं, आणि अशा एका संधीची किंमत असते जवळजवळ ४० सेकंद. हा ४० चा आकडा कुठून आला ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

## मैदानावर दोन घड्याळं असतात

सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा असतो. हे मोजणारं मुख्य घड्याळ म्हणजे गेम क्लॉक. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पुढे सरकायचं असतं. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. १० यार्ड पूर्ण झाले की नवे चार प्रयत्न मिळतात, तो फर्स्ट डाऊन. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथ्यावर बहुतेक वेळा चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्यांच्या हवाली करतात, त्याला पंट म्हणतात. खांब टप्प्यात असतील तर तीन गुणांसाठी फील्ड गोल मारतात. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात स्नॅपनं होते: ओळीच्या मधोमध असलेला खेळाडू चेंडू पायांमधून मागच्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूकडे, देतो तो क्षण.

दुसरं घड्याळ प्ले क्लॉक. एक प्रयत्न संपला की ४० सेकंदांच्या आत पुढचा स्नॅप व्हायलाच हवा, नाहीतर पाच यार्डांचा दंड. कॉलेज फुटबॉलमध्ये हे २००८ पासून आहे. टाइमआउट, दंड, चेंडूचा ताबा बदलणं अशा कारणानं खेळ थांबला असेल तर ४० ऐवजी २५ सेकंद मिळतात.

ग्यानबाची मेख इथेच आहे. एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. पण तो मैदानाच्या आत संपला असेल, तर पुढच्या स्नॅपची वाट बघताना गेम क्लॉक पळतच राहतं. सहा सेकंदांचा खेळ आणि ४० सेकंदांचं नुसतं उभं राहणं. कबड्डीत दोन-तीन गुणांनी पुढे असलेला संघ शेवटी काय करतो ते आठवा: चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, इकडेतिकडे करतो, आणि तीस सेकंद होत आले की रिकाम्या हाती परत येतो. तिथे वेळ खायला किमान समोरच्यांच्या अंगणात तरी जावं लागतं. इथे आपल्याच घोळक्यात उभं राहून तो खाता येतो.

## घड्याळ कशानं थांबतं

पास कोणाच्याच हातात न येता जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं आणि थेट पुढच्या स्नॅपला सुरू होतं. चेंडूवाला खेळाडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तरी थांबतं, पण यात एक खाच आहे. एरवी रेफरीनं खूण केली की ते लगेच पुन्हा पळायला लागतं. सामन्याच्या दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र ते स्नॅप होईपर्यंत थांबून राहतं. म्हणजे १० मिनिटं शिल्लक असताना बाहेर पळून फारसं काही साधत नाही, तेच एक मिनिट उरलं असताना सोन्यासारखं.

फर्स्ट डाऊनचं प्रकरण अलीकडे बदललं. २०२२ पर्यंत मैदानातच फर्स्ट डाऊन मिळाला तरी, बाजूची मोजणीची साखळी नव्या जागी नेईपर्यंत घड्याळ थांबायचं. २०२३ पासून हे फक्त शेवटच्या दोन मिनिटांपुरतं उरलं. साखळी लागली, रेफरीनं खूण केली, की घड्याळ सुरू.

टाइमआउट प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात तीन मिळतात. पूर्वार्धातले उरलेले उत्तरार्धात चालत नाहीत. आणि २०२४ पासून दोन्ही अर्धांत दोन मिनिटं उरली की घड्याळ आपोआप थांबतं. व्यावसायिक एनएफएलमध्ये हा ब्रेक फार पूर्वीपासून होता, कॉलेजात नवा आहे. कोणाचाही टाइमआउट न खर्चता मिळणारी ही फुकटची थांबवणूक. मागे असलेल्या संघासाठी ती जणू चौथा टाइमआउट, आणि शेवटच्या टप्प्याचे सगळे विशेष नियम आता याच ब्रेकपासून लागू होतात.

## गुडघा टेकायचं गणित

समजा, पुढे असलेल्या संघाला नुकताच फर्स्ट डाऊन मिळालाय, दोन मिनिटांचा ब्रेक होऊन गेलाय आणि समोरच्यांकडे एकही टाइमआउट उरलेला नाही. गेम क्लॉकवर २:००. क्वार्टरबॅक स्नॅप घेतो आणि गुडघा टेकतो. नियमानं प्रयत्न तिथेच संपतो. दोन सेकंद गेले, १:५८. पूर्ण ४० सेकंद उभं राहून दुसरा स्नॅप १:१८ ला, पुन्हा गुडघा, १:१६. तिसरा स्नॅप ०:३६ ला, गुडघा, ०:३४. आता प्ले क्लॉकवर ४० आहेत आणि सामन्यात ३४. चौथा स्नॅप घ्यायची गरजच नाही.

तीन गुडघे, प्रत्येकी ४२ सेकंद, एकूण १२६. व्यवहारात कोणी प्ले क्लॉक शून्यापर्यंत ताणत नाही, एक-दोन सेकंद राखून स्नॅप घेतात. म्हणून दोन मिनिटं हा आकडा धरायचा. समोरच्यांकडचा प्रत्येक टाइमआउट यातले ४० सेकंद कापतो. एक असेल तर सुमारे १:२० जाळता येतात, दोन असतील तर ४० सेकंदांच्या आसपास, तिन्ही असतील तर जेमतेम पाच-सहा सेकंद. दोन मिनिटांचा ब्रेक अजून व्हायचा असेल तर तोही एक टाइमआउट म्हणून धरा. प्रेक्षकालाही एवढं गणित पुरतं: टीव्हीच्या कोपऱ्यात समोरच्या संघाचे टाइमआउट दिसतात, ते मोजा, घड्याळ बघा, आणि सामना संपलाय की नाही ते समालोचकाच्या आधी सांगा.

हे न केल्याची किंमत केवढी असते ते ७ ऑक्टोबर २०२३ ला दिसलं. मायामी २०-१७ नं पुढे, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा डाऊन, घड्याळात ४० सेकंदांहून कमी वेळ, आणि जॉर्जिया टेककडे टाइमआउट शून्य. एक गुडघा टेकला की सामना खलास. त्याऐवजी मायामीनं चेंडू घेऊन धावायचा प्रयत्न लावला. धावणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला, जॉर्जिया टेकनं तो २६ सेकंद शिल्लक असताना उचलला आणि ७४ यार्ड पार करून शेवटच्या एक-दोन सेकंदांत ४४ यार्डांच्या पासवर टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण घेतले. निकाल २३-२०. मायामीचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल यांनी गुडघाच टेकायला हवा होता हे नंतर कबूल केलं. कडी म्हणजे २०१८ मध्ये ते ओरेगनचे प्रशिक्षक असताना स्टॅनफर्डविरुद्ध असंच झालं होतं. ओरेगन ३१-२८ नं पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही, धावताना चेंडू निसटला, आणि स्टॅनफर्डनं बरोबरी साधून जादा डावात ३८-३१ नं सामना नेला.

## मागे असलेल्यांनी टाइमआउट कधी खर्चावा

"टाइमआउट शेवटपर्यंत जपून ठेवा" हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो, पण अर्धवट आहे. समोरच्यांकडे चेंडू असताना घेतलेला टाइमआउट पूर्ण ४० सेकंद वाचवतो, कारण ते मुद्दाम उभे राहणार असतात. चेंडू आपल्याकडे असताना आपण घाई करून पंधरा-अठरा सेकंदांत पुढचा स्नॅप घेऊ शकतो, म्हणून तोच टाइमआउट तेवढेच पंधरा-अठरा सेकंद वाचवतो. किंमत निम्म्याहून कमी. तरीही बचाव करताना हात आखडता घेऊन टाइमआउट खिशात ठेवणारे आणि ते तसेच घेऊन घरी जाणारे प्रशिक्षक दर हंगामात दिसतात.

एक प्रसंग सावकाश बघू. संघ 'अ' तीन गुणांनी पुढे आहे, पहिला डाऊन, चेंडू त्यांच्याकडे, घड्याळ २:१०. संघ 'ब'कडे दोन टाइमआउट. 'अ' धावतो, मैदानातच अडवला जातो, घड्याळ २:०५. इथे स्टेडियममधले निम्मे लोक "टाइमआउट घ्या" म्हणून ओरडतात. घ्यायचा नाही. पाच सेकंदांत दोन मिनिटांचा ब्रेक येतोच आहे. पाच सेकंदांसाठी ४० सेकंदांची वस्तू कोण विकतं?

२:०० ला दुसरा डाऊन, धाव, १:५५. आता पहिला टाइमआउट. तिसरा डाऊन, धाव, १:५०. दुसरा टाइमआउट. चौथ्यावर 'अ' पंट करतो, त्यात दहा सेकंद जातात, आणि 'ब'च्या हातात १:४० शिल्लक असताना चेंडू येतो.

आता तोच प्रसंग, पण 'ब'नं तिसऱ्या भागात एक टाइमआउट उडवलेला. १:५० नंतर घड्याळ थांबवायला काही नाही, ४० सेकंद जातात, पंट १:१० ला होतो, चेंडू मिळतो तेव्हा उरलेला असतो एक मिनिट. १:४० मध्ये जो संघ शांतपणे सात-आठ प्रयत्न करू शकला असता, तो आता चार-पाचांवर आला.

आणि तिसऱ्या भागातला तो टाइमआउट बहुधा कशावर गेलेला असतो? प्ले क्लॉक संपत आला, खेळाडूंची जुळवाजुळव झालेली नाही, पाच यार्डांचा दंड नको म्हणून क्वार्टरबॅकनं हातांनी टाइमआउटचा टी काढला. पहिल्या डाऊनला, मैदानाच्या मध्यावर, ते पाच यार्ड देऊन टाकावेत. चौथ्या डाऊनवर एक यार्ड हवा असेल तर गोष्ट वेगळी.

## चेंडू हातात, टाइमआउट शून्य

'ब'कडे चेंडू आला, आपल्या २५ यार्डच्या रेषेवर (मैदान १०० यार्डांचं, रेषा त्या-त्या बाजूच्या गोलरेषेपासून मोजतात), तीन गुण मागे. फील्ड गोलचं अंतर काढायची रीत सोपी आहे: चेंडू जिथे आहे तिथून गोलरेषेपर्यंतचं अंतर अधिक १७. त्यातले १० यार्ड गोलरेषेमागच्या पट्ट्याचे, कारण खांब त्याच्या मागच्या टोकाला असतात, आणि सात यार्ड चेंडू मागे धरून मारायचे. समोरच्यांच्या ३३ वर पोचलं तर ५० यार्डांचा प्रयत्न होतो. म्हणजे ४२ यार्ड कापायचे आहेत.

बचाव करणाऱ्यांनाही हे पाठ असतं, म्हणून ते दोन्ही बाजूच्या रेषा राखतात आणि मधला भाग सोडतात: घ्या पास, पण घड्याळ पळत राहील. इथे कॉलेजचा नियम मागच्या संघाला हात देतो. मध्यावर १२ यार्डांचा पास पकडला तर फर्स्ट डाऊन, घड्याळ थोडं थांबतं, आणि तेवढ्यात सगळे पुढे धावून रांगेत उभे राहू शकतात. सगळ्यात वाईट पास म्हणजे मध्यावर सात यार्डांचा. फर्स्ट डाऊन नाही, रेषेबाहेर नाही, घड्याळ चालू, आणि एक डाऊन गेला. एनएफएलमध्ये फर्स्ट डाऊनला घड्याळ थांबत नाही, म्हणून तिथे वाढलेला प्रेक्षक कॉलेजच्या सामन्यात इथे हमखास चुकतो.

स्पाइक हे आणखी एक हत्यार. क्वार्टरबॅक स्नॅप घेतो आणि चेंडू लगेच पुढे जमिनीवर आपटतो. तो पडलेला पास धरला जातो, घड्याळ थांबतं, बदल्यात एक डाऊन जातो. ५० सेकंद शिल्लक असताना स्पाइक करणं मला बहुतेक वेळा उधळपट्टी वाटते. आधीच दोन प्रयत्न ठरवून ठेवले असते तर पाच-सात सेकंद जास्त गेले असते, पण डाऊन वाचला असता. १५ सेकंदांच्या आत मात्र पर्याय नाही. फील्ड गोलसाठी वेगळे खेळाडू आत यायला लागतात, लाथ मारणारा, चेंडू धरणारा, लांब स्नॅप देणारा. चालू घड्याळात हे सगळं करून चेंडू मारायला पंधरा सेकंद तरी हवेत, तेही सराव असेल तर.

आणि एक मर्यादा आहे. थांबलेलं घड्याळ रेफरीच्या खुणेवर सुरू होणार असेल, तर स्पाइक करून आणखी एक प्रयत्न मिळायला किमान ३ सेकंद शिल्लक लागतात. २ किंवा १ असतील तर एकच प्रयत्न, स्पाइक विसरा. हा नियम २०१३ चा. त्याआधी, २१ नोव्हेंबर २००९ ला, ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्ध २३-२५ असं मागे असलेल्या एलएसयूनं (लुइझियाना स्टेट) लांबचा पास पकडला तेव्हा घड्याळात १ सेकंद होता. फील्ड गोलचा संघ आत आणायचं कोणाला सुचलं नाही, क्वार्टरबॅकनं स्पाइक केला, आणि चेंडू आपटेपर्यंत सामना संपला होता.

## "पुढे असलेला संघ आणखी गुणच का करत नाही?"

करतो की, पण जोखीम बघून. पास पडला तर समोरच्यांना ४० सेकंद आंदण, त्यांनी तो पकडला तर त्याहून वाईट. म्हणून पुढे असलेला संघ धावतो आणि धावणाऱ्याला एकच ताकीद असते: रेषेबाहेर जाऊ नको, चेंडू दोन्ही हातांनी धर.

एक जागा मात्र अशी आहे जिथे पास टाकायला घड्याळाचा काहीच खर्च येत नाही: २:०५ च्या आसपास. पास पडला तरी दोन मिनिटांच्या ब्रेकनं घड्याळ तसंही थांबणारच होतं. पकडला आणि फर्स्ट डाऊन मिळाला तर सामना जवळपास खिशात. २०२४ नंतर हुशार प्रशिक्षक हा एक स्नॅप हेरून ठेवतात.

याच हिशोबातून एक विचित्र दृश्य येतं: गोलरेषा मोकळी दिसत असताना खेळाडू एक यार्ड अलीकडे स्वतःहून आडवा होतो. बरोबरीत सामना, १:३० शिल्लक, चेंडू समोरच्यांच्या तीन यार्डांवर, पहिला डाऊन, आणि त्यांच्याकडे एक टाइमआउट. तीन गुडघ्यांत सुमारे १:२० जातील, उरलेल्या दहा सेकंदांत २० यार्डांवरून फील्ड गोल, जो सहसा चुकत नाही. टचडाऊन केला तर नंतरच्या एका गुणाच्या लाथेसह सात गुण मिळतील, पण समोरच्यांना जवळपास १:२५ आणि एक टाइमआउटही मिळेल.

बचाव करणाऱ्यांना हेच उलट्या बाजूनं दिसतं. अडवत राहिलो तर चेंडू परत मिळणारच नाही, म्हणून ते बाजूला सरकतात आणि टचडाऊन करू देतात. प्रेक्षकांना हे हार मानणं वाटतं. पण सात गुण मागे आणि १:२५ हातात, हे तीन गुण मागे आणि पाच सेकंद हातात याच्यापेक्षा कितीतरी बरं.

## "मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवलं तर?"

हे झालेलं आहे, आणि नियमांची अर्धी पानं त्यामुळेच वाढलीत.

३० डिसेंबर २०१०, नॅशव्हिल, हंगामाअखेरचा म्युझिक सिटी बोल हा सामना. नॉर्थ कॅरोलायना टेनेसीपेक्षा तीन गुणांनी मागे, टाइमआउट शून्य. धाव मैदानातच अडली, घड्याळ पळतंय, फील्ड गोलचा संघ अर्धा आत अर्धा बाहेर, आणि त्या गोंधळातच क्वार्टरबॅकनं स्पाइक केला. मैदानावर अकराहून जास्त खेळाडू होते. दंड झाला पाच यार्डांचा, पण घड्याळ १ सेकंदावर थांबलं. त्या एका सेकंदात ३९ यार्डांचा फील्ड गोल, बरोबरी, आणि दुसऱ्या जादा डावात नॉर्थ कॅरोलायना ३०-२७ नं विजयी. चूक केली म्हणून फायदा झाला. पुढच्याच हंगामात, २०११ मध्ये, दहा सेकंद कापायचा नियम आला: शेवटच्या टप्प्यात चालू घड्याळ आपल्या चुकीनं थांबवलं तर समोरचा संघ यार्डांच्या दंडाबरोबर १० सेकंदही कापून घेऊ शकतो. चूक करणाऱ्याकडे टाइमआउट असेल तर तो खर्चून हे सेकंद वाचवता येतात. नसेल आणि घड्याळात दहाहून कमी असतील तर सामना तिथेच संपतो. सुरुवातीला हा नियम शेवटच्या मिनिटापुरता होता, आता दोन मिनिटांच्या ब्रेकनंतर लागू होतो.

मग बचाव करणाऱ्यांनी उलटी पळवाट शोधली. १२ ऑक्टोबर २०२४, युजीन शहर. ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१, घड्याळात १० सेकंद, चेंडू ओहायो स्टेटकडे. ओरेगननं बारा खेळाडू उभे केले. एक माणूस जास्त, म्हणून पास सापडला नाही. दंड पाच यार्डांचा, पण त्या प्रयत्नात गेलेले चार सेकंद गेलेच. उरले सहा. पुढच्या प्रयत्नात ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक धावला, जमिनीवर घसरला, तोपर्यंत शून्य. ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी पुढे हे ठरवून केल्याचं सूचित केलं. काही दिवसांतच नियमाचा खुलासा निघाला: दोन मिनिटांच्या ब्रेकनंतर बचाव करणाऱ्यांनी बारा किंवा जास्त खेळाडू खेळवले, तर दंडाबरोबर घड्याळही स्नॅपच्या वेळी होतं तिथे परत नेऊन घेता येईल. पाच यार्ड देऊन चार सेकंद विकत घ्यायचा हा धंदा बंद झाला. मला तो लबाडीपेक्षा नियमाच्या गलथानपणाचा प्रकार वाटतो. २०११ मध्ये, माणसं जास्त झाली म्हणून एका बाजूची पळवाट बुजवली, तेव्हाच दुसरी बाजूही दिसायला हवी होती.

दुखापतीचं सोंग हाही जुना मार्ग. २०२५ पासून, चेंडू पुढच्या स्नॅपसाठी ठेवल्यावर खेळाडू पडला आणि त्याच्यासाठी वैद्यकीय पथक आत आलं, तर त्या संघाचा टाइमआउट जातो. टाइमआउट नसेल तर पाच यार्ड.

## "एका सेकंदासाठी एवढा वाद?"

५ डिसेंबर २००९, बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठ-गटाचा अंतिम सामना. टेक्सास नेब्रास्कापेक्षा १०-१२ नं मागे. त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयनं चेंडू बाहेर फेकला, फळ्यावर शून्य आलं, नेब्रास्काचे लोक मैदानात धावले. रिप्लेत दिसलं की चेंडू बाहेर पडला तेव्हा १ सेकंद शिल्लक होता. तो परत दिला गेला, हंटर लॉरेन्सनं ४६ यार्डांचा फील्ड गोल मारला, टेक्सास १३-१२. चेंडू बाहेर फेकणं हे कागदावर बरोबरच होतं. चूक होती ती तो उंच आणि लांब फेकण्यात, कारण चेंडू हवेत असेपर्यंत घड्याळ पळतं. बाहेर फेकायचा तर सरळ, जोरात, जवळच्या रेषेवरून.

रिप्लेचंही उलटं टोक आहे. निर्णय बदलला आणि खऱ्या निर्णयानं घड्याळ थांबलंच नसतं असं निघालं, तर शेवटच्या दोन मिनिटांत दहा सेकंद कापले जातात.

३० नोव्हेंबर २०१३ ला अलाबामा आणि ऑबर्न २८-२८ असे असताना अलाबामाच्या प्रशिक्षकांनी असाच एक सेकंद भांडून मिळवला. त्या सेकंदात त्यांनी ५७ यार्डांचा फील्ड गोल लावला. तो कमी पडला. गोलरेषेमागे उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पार करून टचडाऊन केला, ३४-२८. फील्ड गोल आखूड पडला तर चेंडू जिवंत असतो, आणि लाथ मारणाऱ्या संघात धावणाऱ्याला अडवू शकतील असे चपळ लोक जवळपास नसतात. ती जोखीम हिशोबात धरलेली नव्हती.

त्या दिवशी दुसरा पर्याय होता जादा डावाचा. तिथे गेम क्लॉक नसतंच, प्ले क्लॉक तेवढं असतं. प्रत्येक संघाला समोरच्यांच्या २५ यार्डांच्या रेषेवरून एकेक संधी मिळते, आणि २०२१ पासून तिसऱ्या जादा डावापासून तर दोन्ही संघ तीन यार्डांवरून गोलरेषेपार जायचा फक्त दोन गुणांचा एकेक प्रयत्न करतात. म्हणून बरोबरी असताना, २० सेकंद शिल्लक आणि चेंडू आपल्याच २० यार्डांवर असेल, तर बरेच प्रशिक्षक गुडघा टेकून तिकडे जाणं पसंत करतात. तेच चेंडू मैदानाच्या मध्यावर आणि हातात दोन टाइमआउट असतील, तर तिथे गुडघा टेकणाऱ्याला घरचे प्रेक्षकही सोडत नाहीत.